एलईडी लावल्यावर इंडिकेटर पळतो, बरा होतो, पुन्हा पळतो

आधी लक्षण सांगतो, म्हणजे हे तुमच्याच गाडीचं दुखणं आहे का ते कळेल. मागच्या इंडिकेटरला एलईडी बल्ब लावला. त्या बाजूची टिकटिक दुप्पट वेगाने सुरू झाली. रेझिस्टर (जास्तीचा करंट खेचून घेणारा छोटा भाग) लावला, चाल सरळ झाली. काही महिने बरे गेले आणि पुन्हा तेच. माझ्या गाडीत हा खेळ तीन वेळा झाला आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. बल्ब मात्र एकदाही खराब नव्हता. मी तोच दोनदा बदलला, हा भाग वेगळा.

खरं तर इंडिकेटरला मला हातच लावायचा नव्हता. हवा होता तो रिव्हर्सचा उजेड. आमच्या गावी, राजापूर तालुक्यात, घराकडे जाणारी वाट दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून जाते. वर गाडी वळवायला जागा नाही, म्हणून शेवटचा टप्पा उलटंच जावं लागतं. श्रावणातली रात्र, पाऊस कोसळतोय आणि मागे १६ वॅटचा पिवळट बल्ब. जांभ्याचा गडगा आधी बंपरला कळायचा, मग मला. तर रिव्हर्सची जोडी घ्यायला गेलो आणि दुकानदाराने मागच्या इंडिकेटरचीही जोडी गळ्यात मारली. ‘बसवा आणि विसरा’ म्हणाला. बसवली खरी. विसरायला काही मिळालं नाही.

टिकटिक का पळते

इंडिकेटरचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टला तो साधारण १.७५ अँपिअर करंट खेचतो. त्याच जागी लावलेला एलईडी ४ वॅटचा असेल, तर एक तृतीयांश अँपिअरवर त्याचं भागतं. गाडीतला फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग, किंवा अलीकडच्या गाड्यांत दिवे वगैरे सांभाळणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल, त्या बाजूला किती करंट जातोय यावर नजर ठेवून असतो. करंट एकदम कमी झाला की तो एकच अर्थ लावतो: बल्ब उडाला. मग चालकाला कळावं म्हणून टिकटिक वाढवतो. म्हणजे गाडी बिघडलेली नाही. ज्या कामासाठी तिला बनवलंय तेच ती करतेय, फक्त एलईडी कशाशी खातात हे तिला ठाऊक नाही.

फार जुन्या गाड्यांत पत्री तापून उघडझाप करणारा फ्लॅशर असतो. तिथे लक्षण उलटं दिसू शकतं. करंट कमी, म्हणून पत्री नीट तापत नाही आणि इंडिकेटर रेंगाळतो किंवा नुसता पेटून राहतो. कारण तेच.

पळतोय की नाही हे कानाने ठरवू नका, मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०२ सांगतो की इंडिकेटर पिवळसर नारिंगी रंगाचा हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. म्हणजे १५ सेकंदांत १५ ते ३०. माझा ४२ भरला होता. मोजताना चारही इंडिकेटर एकदम लावून बघू नका. बऱ्याच गाड्या त्या वेळी बल्ब तपासतच नाहीत, त्यामुळे चाल सरळ दिसते आणि आपण खूश होतो. डावा वेगळा मोजा, उजवा वेगळा.

बल्ब घेतानाच होणाऱ्या चुका

खोक्यावर ३००० ल्युमेन (उजेडाचं माप) लिहिलेलं बघून भुलू नका. रिव्हर्सला येणारा १६ वॅटचा काचेच्या बुडाचा बल्ब ३१० ल्युमेनचा असतो आणि २१ वॅटचा पांढरा बल्ब ४६० चा. इंडिकेटरचा नारिंगी २१ वॅटचा बल्ब तर २८० ल्युमेनच देतो. ४ वॅटच्या एलईडीतून ३००० ल्युमेन निघत असते, तर मी घराचं छतही त्याच बल्बांनी उजळलं असतं.

उजेड किती यापेक्षा तो कुठे पडतो हे महत्त्वाचं. साध्या बल्बची तार चहूबाजूंनी उजळते आणि मागचा चकचकीत वाडगा त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. ज्या एलईडीच्या चिप फक्त टोकाला आहेत, तो मधोमध एक झगझगीत ठिपका देतो आणि बाकी वाडगा काळोखा राहतो. नेमकं मागून बघणाऱ्याला तो भारी वाटतो. बाजूच्या लेनमधल्या दुचाकीवाल्याला मात्र दिसतच नाही, आणि इंडिकेटर खरा त्याच्यासाठीच तर असतो. म्हणून चिप बाजूंनाही आहेत आणि मूळ तारेच्या उंचीवर आहेत असाच बल्ब घ्या.

रंगाचा नियम सोपा आहे. काच नारिंगी असो वा पारदर्शक, इंडिकेटरला एलईडी नारिंगीच हवा. नारिंगी काचेमागे पांढरा लावला की उजेड फिका, पिवळट दिसतो. साधा नारिंगी बल्ब आणि साधा पांढरा बल्ब यांच्या बुडाच्या दोन खिळ्या मुद्दाम वेगळ्या कोनात असतात, पांढऱ्याच्या समोरासमोर आणि नारिंगीच्या थोड्या सरकवलेल्या. चुकीचा रंग होल्डरमध्ये जाऊच नये म्हणून. एका खिळीवर कानस मारून पांढरा बल्ब बसवून देणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत. होल्डर सैल होतो तो वेगळाच.

उपाय तीन, पण प्रत्येक गाडीला तिन्ही लागू नाहीत

मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत फ्लॅशर ही सुटी डबी असते. ती काढून एलईडीला चालणारी इलेक्ट्रॉनिक डबी लावली की काम संपलं. वायर कापायची नाही, काही तापायचं नाही. ती करंट बघतच नाही, ठरलेल्या चालीने उघडझाप करते. दोन पिनांच्या जुन्या डबीच्या जागी नवी लावताना बहुतेक वेळा एक सुटी अर्थची (करंट गाडीच्या पत्र्यातून परत नेणारी) वायर बाहेर येते, ती बॉडीला नीट जोडा. बदल्यात एक गोष्ट गमावता: उद्या खरंच बल्ब गेला तर गाडी काही सांगणार नाही. महिन्यातून एकदा भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा आणि चारही कोपरे बघा.

काही गाड्यांत, विशेषतः स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच मॉडेलांत, डायग्नॉस्टिक यंत्र जोडून मॉड्यूललाच सांगता येतं की इथे आता एलईडी आहे. हे करणारा माणूस जाणता असेल तर याहून स्वच्छ उपाय नाही. अशा काही गाड्या दिवे बंद असतानाही बल्ब शाबूत आहे का ते बघायला करंटचे बारीक ठोके सोडतात. साध्या बल्बला ते जाणवत नाहीत, एलईडी मात्र मधूनच चमकतो. तोही दोष बल्बचा नसतो.

माझ्या हॅचबॅकमध्ये यातलं काहीच शक्य नव्हतं. सुटी डबी नाही आणि मॉड्यूलमध्ये तशी सोय नाही. उरला रेझिस्टर.

रेझिस्टर म्हणजे डिकीत ठेवलेली शेगडी

बाजारात मिळतो तो सोनेरी अंगाचा, ६ ओहम ५० वॅटचा. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल. तो इंडिकेटरच्या पॉझिटिव्ह वायर आणि अर्थ यांच्यामध्ये, म्हणजे बल्बला समांतर जोडायचा. बल्बच्या वाटेतच जोडलात तर एलईडी मंद पेटेल किंवा पेटणारच नाही.

आता हिशेब बघा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १३.८ व्होल्ट असतात. ६ ओहममधून २.३ अँपिअर जातात, म्हणजे जवळपास ३२ वॅटची उष्णता. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो, म्हणून सरासरी १६ वॅट धरा. घरातली छोटी सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते. आता कळेल की लांब सिग्नलला पाच मिनिटं इंडिकेटर चालू राहिला की रेझिस्टरला बोट का टेकवत नाही. त्यावर लिहिलेले ५० वॅट हे तो मोठ्या धातूच्या पत्र्यावर घट्ट आवळलेला असताना खरे. मोकळ्या हवेत लोंबकळत ठेवला तर त्यातले थोडेच त्याला झेपतात.

म्हणून तो उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळायचा. दुतर्फी टेप नको, प्लास्टिकच्या बंपरवर नको, वायरिंगच्या जुडग्याला पट्टीने बांधून तर मुळीच नको. पहिल्यांदा माझ्याकडून हेच झालं. वायरमनने तो डिकीच्या आतल्या नमदेदार अस्तरामागे ढकलला आणि वर ‘काही होत नाही’ असं सांगितलं. चार महिन्यांनी अस्तर बाजूला केलं तेव्हा त्यावर रेझिस्टरच्या आकाराचा तपकिरी डाग उमटला होता.

दुसऱ्यांदा पळाला तेव्हा

पहिल्या पावसाळ्यानंतर डाव्या बाजूची टिकटिक पुन्हा वाढली. रोज नाही. खड्ड्यात आदळली की वाढायची, पुढच्या खड्ड्यात सरळ व्हायची. मी म्हटलं, एलईडी स्वस्तातला, गेला असेल. नवी जोडी आणली. आठ दिवस बरे गेले. मग अजून महाग जोडी आणली. तीही आठ दिवस.

इथे एक चाचणी करायला हवी होती, जी मी खूप उशिरा केली. मूळचा साधा बल्ब परत लावून बघा. साध्या बल्बवर चाल सरळ राहिली तर होल्डर, वायर आणि अर्थ निदान कामचलाऊ आहेत, दोष तुम्ही नव्याने जोडलेल्या भागात शोधा. साध्या बल्बवरही पळाला तर एलईडीचा संबंधच नाही. होल्डर गंजलाय, वितळलाय किंवा पुढचा बल्ब गेलाय. मी पुढचा बल्ब बघायचंही विसरलो होतो. फ्लॅशर पूर्ण बाजूची बेरीज बघतो, फक्त मागच्या बल्बची नाही.

साध्या बल्बवर चाल झकास होती. मग रेझिस्टरच्या जोडाकडे गेलो. वायर न सोलता वरून दाबून बसवायची ती निळी प्लास्टिकची क्लिप आठवते? आत एक पातं असतं, ते वायरचं आवरण कापून तांब्याला टेकतं. दुकानात बसून दोन मिनिटांत काम होतं, म्हणून सगळ्यांची लाडकी. माझी क्लिप उघडली तर तांबं हिरवं पडलेलं, अर्ध्या तारा तुटलेल्या. मागच्या दिव्याच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी थोडंफार झिरपतंच, त्यात शेजारी रोज तापणारा आणि निवणारा रेझिस्टर. जोड टिकणार कसा?

क्लिप काढून टाकली. खराब वायर चांगलं तांबं दिसेपर्यंत कापली, जोड सोल्डर केला, वर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवली. सोल्डरच्या भानगडीत पडायचं नसेल तर चांगल्या पकडीने दाबलेला स्लीव्हही चालतो. फक्त ती क्लिप नको आणि नुसती पीळ देऊन गुंडाळलेली काळी टेप नको. उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि हाताला चिकटतो तेवढाच.

त्याच दिवशी मी आणखी एक शहाणपणा केला. अस्तरावरचा डाग बघून घाबरलो होतो, म्हणून ६ ओहमच्या जागी १० ओहम बसवला. करंट कमी, तापणं कमी. रेझिस्टरही आता चाकावरच्या आतल्या पत्र्याला बोल्टने आवळला. चाल सरळ होती. समाधान वाटलं.

तिसऱ्यांदा: ब्रेक दाबला की डावा पळतो

हे लक्षण मात्र विलक्षण होतं. रस्त्यावर डावा इंडिकेटर ठीक. सिग्नलला थांबून ब्रेकवर पाय ठेवला की टिकटिक दुप्पट. पाय काढला की परत सरळ. रात्री दिवे लावून ब्रेक दाबला तर हमखास.

घराजवळचे वायरमन काका सत्तरीचे आहेत. गाडीला हात न लावता त्यांनी विचारलं, ‘अर्थ बघितलीस का?’ मी म्हटलं, ‘काका, ब्रेक आणि इंडिकेटरचा काय संबंध?’ ते म्हणाले, ‘जायची वाट वेगळी असते रे, यायची एकच.’

मागच्या दिव्यात पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स या सगळ्यांना पॉझिटिव्ह वेगवेगळी येते, पण अर्थची वायर बहुधा एकच असते. तिच्या टोकाला गंज असेल तर एकटा इंडिकेटर कसाबसा चालतो. ब्रेकचे २१ वॅट त्याच वाटेने परत यायला लागले की तिथे कोंडी होते आणि इंडिकेटरच्या वाट्याचं व्होल्टेज घटतं. ब्रेक दाबून ठेवून, इंडिकेटर चालू असताना, मल्टिमीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थ पिनेला आणि दुसरं बॉडीच्या स्वच्छ बोल्टला लावलं. टिकटिकीबरोबर आकडा १.८ व्होल्टपर्यंत चढत होता. तिथे जवळपास शून्य हवं, ०.१ च्या आत असेल तर उत्तम.

आणि मी बसवलेला १० ओहमचा रेझिस्टर आधीच काठावर होता. १३.८ व्होल्टला त्यातून १.३८ अँपिअर जातात, १२ व्होल्टला फक्त १.२. मॉड्यूलची मर्यादा याच दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असावी. ६ ओहम असता तर खराब अर्थ झाकली गेली असती आणि मला कधी कळलंही नसतं. तुमचा रेझिस्टर असा काठावर आहे का हे बघायचं असेल तर इंजिन बंद ठेवून नुसत्या चावीवर इंडिकेटर लावा. बंद इंजिनवर पळतो आणि चालू इंजिनवर सरळ होतो, तर तो काठावरच आहे.

इलाज वीस मिनिटांचा होता. दिव्याच्या अर्थ वायरला नवी जाडसर वायर जोडली, टोकाला गोल टर्मिनल दाबलं, जवळच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून तांब्या-लोखंडाची भेट घडवली आणि वर थोडं ग्रीस लावलं. १.८ चे ०.०६ व्होल्ट झाले. काकांनी चहाचेच पैसे घेतले. तोपर्यंत मी बल्बांच्या दोन जोड्यांवर किती घालवले होते ते घरी अजून सांगितलेलं नाही.

मोजण्याबद्दल एक सूचना. गाडीत लुकलुकत्या इंडिकेटरचा करंट साध्या मीटरवर वाचता येत नाही, आकडा नाचत राहतो. बल्ब किती खेचतो हे बघायचं असेल तर तो बाहेर काढून, मध्ये फ्यूज ठेवून, थेट बॅटरीवर मोजा. मीटर १० अँपिअरच्या खोबणीत, आणि मोजून झालं की तार परत व्होल्टच्या खोबणीत. ती तशीच राहिली आणि पुढे व्होल्टेज मोजायला गेलात की मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा.

रिव्हर्सची गोष्ट छोटी आहे

रिव्हर्सला टिकटिक नसते आणि बऱ्याच गाड्या तो बल्ब तपासतही नाहीत. म्हणून तिथे रेझिस्टर लावू नका. इंडिकेटरमधला रेझिस्टर अर्धा वेळ विश्रांती घेतो, रिव्हर्सचा किंवा ब्रेकचा अखंड ३२ वॅट ओकत राहील.

पेटलाच नाही तर बल्ब उपसून १८० अंशांत फिरवून परत खोचा. काचेच्या बुडाचा साधा बल्ब कसाही चालतो, एलईडीला अनेकदा पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पाळावं लागतं. खड्ड्यांत लुकलुकत असेल तर होल्डरमधल्या पितळी पट्ट्या बारीक स्क्रूड्रायव्हरने थोड्या आत वाकवा. एलईडीचं बूड मूळ काचेपेक्षा कधीकधी पातळ असतं आणि पकड सैल पडते. हात घालण्याआधी दिवे बंद, चावी बाहेर. घेताना लांबीही बघा. माझी पहिली जोडी इतकी लांब होती की टोक काचेला टेकत होतं.

पाठीमागचा कॅमेरा नंतर बसवलेला असेल तर एक नवं दुखणं उपटतं. कॅमेऱ्याची वीज बहुधा रिव्हर्स दिव्याच्या वायरीतूनच घेतलेली असते. एलईडीमधल्या स्वस्त ड्रायव्हरचा, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, गोंगाट त्या वायरीवर चढतो आणि पडद्यावर आडव्या रेषा पळायला लागतात, पार्किंग सेन्सर मागे काही नसताना ओरडतो. मी कॅमेऱ्याला छोट्या रिलेमधून (विजेने चालू-बंद होणारा स्विच), फ्यूज लावून, वेगळी वीज दिली. रिव्हर्सची वायर आता फक्त रिलेला चालू-बंद सांगते. रेषा गेल्या.

रंगाबद्दल माझं मत विचाराल तर ६००० केल्विनचा निळसर पांढरा घेऊ नका. तो शहरातल्या कोरड्या पार्किंगमध्ये देखणा दिसतो. ओल्या जांभ्यावर आणि शेवाळावर तो नुसता चकाकतो. माझ्याकडे आता ४३०० केल्विनचा, कमी निळसर, आहे आणि गणपतीला गावी गेलो तेव्हा डावीकडच्या गडग्याचा सुटलेला दगड प्रथमच बंपरच्या आधी मला दिसला.

पुढचे इंडिकेटर मी साध्या २१ वॅटच्या बल्बवरच ठेवलेत. दुकानदार अजून विचारतो. मागे डावीकडे १० ओहम आणि नवी अर्थ, उजवीकडेही तोच इलाज, कारण तिथेही मोजल्यावर १.१ व्होल्ट निघाले होते, फक्त अजून बोंब उठली नव्हती. काढलेले दोन्ही मूळ बल्ब फडक्यात गुंडाळून पुढच्या कप्प्यात ठेवलेत. पुन्हा पळाला तर आधी ते लावीन.